भोंगा थांबल्यावर : फरीदाबादचे कारखाने आणि प्रशासनाची नोंदवही

दिल्लीहून निघालेली मेट्रो बदरपूरची हद्द ओलांडून हरियाणात शिरते आणि मथुरा रस्त्याच्या कडेने दक्षिणेकडे जाऊ लागते. फरीदाबादचा हा मार्ग ६ सप्टेंबर २०१५ रोजी सुरू झाला. त्यावरील स्थानकांची नावे लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहेत : सराय, मेवाला महाराजपूर, बडखल मोड, ओल्ड फरीदाबाद, नीलम चौक अजरौंदा, बाटा चौक, एस्कॉर्ट्स मुजेसर. यातील शेवटचे नाव म्हणजे इतिहासाचे एक छोटेसे वाक्यच आहे. मुजेसर हे मूळचे गाव आणि एस्कॉर्ट्स हा तेथे आलेला कारखाना. गाव, कारखाना आणि मेट्रो असे तीन काळ एकाच पाटीवर नांदत आहेत.

नावे अशी टिकतात, कारण त्यांना जागा लागत नाही आणि देखभालीचा खर्चही लागत नाही. वास्तूंचे तसे नसते. मथुरा रस्त्यालगतच्या जुन्या औद्योगिक भूखंडांवर मॉल, शोरूम आणि हॉटेले येत आहेत. शहर वाढते तेव्हा हे होणारच आणि त्याबद्दल नुसते गळे काढण्यात अर्थ नाही. परंतु एक प्रश्न मात्र प्रशासनाने स्वतःला विचारला पाहिजे. ज्या शहराचा जन्मच कारखान्यांतून झाला, त्या शहरात पन्नास वर्षांनंतर एकही जुनी शेड, एकही धुराडे, एकही कार्यशाळा लोकांच्या वापरात उरली नाही, तर ते शहर आपल्या नातवंडांना आपली कहाणी कोठे नेऊन सांगणार?

हा प्रश्न नोकरीनिमित्त दिल्लीच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला विशेष जवळचा वाटावा. गिरणगावाचे काय झाले हे आपण पाहिले आहे. ज्या चुकांची किंमत मुंबईने मोजली, त्या फरीदाबादला टाळता येतील काय, हा या लेखाचा विषय आहे.

निर्वासितांनी बांधलेले शहर

जुने फरीदाबाद हे जहांगीराचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ साली वसविले असे परंपरा सांगते. आज ज्याला लोक 'एनआयटी', म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाऊन, म्हणतात ते नवे शहर मात्र १९४९ चे अपत्य आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, म्हणजे बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावर या भागांतून हजारो हिंदू व शीख कुटुंबे निर्वासित होऊन आली. त्यांच्या पुनर्वसनासाठी १९४९ मध्ये फरीदाबाद विकास मंडळाची स्थापना झाली. डॉ. राजेंद्रप्रसाद त्याचे अध्यक्ष होते, पंतप्रधान नेहरू स्वतः मंडळाच्या बैठकांना येऊन बसत, सुधीर घोष मुख्य प्रशासक होते आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनचे तरुण कार्यकर्ते प्रत्यक्ष छावणीत काम करीत होते. त्यांतील एक लक्ष्मीचंद जैन. पुढे ते नियोजन आयोगाचे सदस्य झाले आणि फरीदाबादच्या या प्रयोगावर त्यांनी १९९८ साली एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

या प्रयोगाचे मर्म असे होते की, सरकारी बांधकाम खात्याने ठेकेदाराकडून घरे बांधून घ्यावीत आणि निर्वासितांना किल्ल्या द्याव्यात, ही नेहमीची पद्धत बाजूला ठेवण्यात आली. निर्वासितांच्याच सहकारी संस्था स्थापन झाल्या आणि ज्यांनी आयुष्यात कधी थापी हाती धरली नव्हती अशा दुकानदारांनी व सावकारांनी विटा पाडल्या, पाया खणला, भिंती उभ्या केल्या. पाच हजारांहून अधिक घरे याप्रमाणे उभी राहिली. नुसत्या घरांनी पोट भरत नाही, म्हणून कार्यशाळा निघाल्या. कार्यशाळांना वीज हवी, म्हणून जर्मनीकडून युद्धाच्या नुकसानभरपाईपोटी मिळालेला डिझेलवर चालणारा वीजसंच येथे आणून बसविण्यात आला. १९५१ मध्ये बाटाचा कारखाना आला आणि पुढल्या दशकात एस्कॉर्ट्सचे ट्रॅक्टर येथून बाहेर पडू लागले. म्हणजे येथे घर, शाळा, दवाखाना, वीजघर आणि कारखाना ही एकाच आराखड्याची अंगे होती.

मराठी वाचकाला यात दोन ओळखीची नावे आढळतील. त्या काळात केंद्रातील बांधकाम, खाणी व वीज या खात्यांचे मंत्री काकासाहेब गाडगीळ होते आणि १९५० पासून अर्थखाते चिंतामणराव देशमुखांकडे होते. पुढे १९५८ ते १९६२ या काळात काकासाहेब पंजाबचे राज्यपाल झाले, तेव्हा फरीदाबाद पंजाबातच होते. हरियाणा राज्य १९६६ मध्ये झाले.

हा प्रयोग मात्र फार काळ टिकला नाही. पन्नाशीच्या दशकातच सूत्रे नेहमीच्या सरकारी यंत्रणेकडे गेली, सहकारी संस्थांचा जीव हळूहळू गेला आणि १९५६ च्या कायद्याने विकास महामंडळ आले. तेव्हापासून फरीदाबादच्या वाट्याला पालक पुष्कळ आले. १९७१ च्या कायद्याने फरीदाबाद कॉम्प्लेक्सचे स्वतंत्र प्रशासन आले. १९७७ मध्ये राज्याचे नगरविकास प्राधिकरण आले, १९७९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, नव्वदीच्या दशकात महानगरपालिका झाली आणि २०१८ च्या कायद्याने महानगर विकास प्राधिकरणाची भर पडली. सरकारी कामाची ज्यांना सवय आहे त्यांना या यादीचा अर्थ लगेच कळेल. प्रत्येक हस्तांतरणात जमीन, रस्ते आणि कर्मचारी यांची यादी होते. आठवणीची यादी कोणी करीत नाही. अमुक शेड कोणी बांधली, अमुक वीजघराचे मूळ नकाशे कोणत्या कपाटात आहेत, हे सांगणारा कागद जुन्या कार्यालयातून नव्या कार्यालयात सहसा पोहोचत नाही.

शंभर वर्षांची अट

आपल्याकडे 'वारसा' म्हटले की डोळ्यांसमोर किल्ला, मंदिर, मशीद किंवा राजवाडा येतो. फरीदाबादही त्याला अपवाद नाही. सूरजकुंड हा तोमर राजवटीचा दहाव्या शतकातील तलाव सर्वांना ठाऊक आहे, कारण १९८७ पासून तेथे हस्तकला मेळा भरतो. बल्लभगड येथे राजा नाहरसिंहांचा राजवाडा आहे. १८५७ च्या उठावातील सहभागासाठी जानेवारी १८५८ मध्ये त्यांना चांदनी चौकात फाशी देण्यात आली. त्यांच्या राजवाड्याची दुरुस्ती होऊन त्यात पर्यटकांच्या मुक्कामाची सोय झाली. या दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट सिद्ध होते. जुन्या वास्तूला नवे काम मिळाले की ती जगते. हरियाणाच्या प्रशासनाला ही विद्या येत नाही असे नव्हे. ती कारखान्यांना लागू करावी हे सुचलेले नाही, इतकेच.

न सुचण्यामागे कायद्याचेही एक कारण आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एखादी वास्तू प्राचीन स्मारक ठरण्यासाठी ती किमान शंभर वर्षे अस्तित्वात असावी लागते. नव्या फरीदाबादची पहिली वीट १९४९ ची आहे. म्हणजे या कायद्याचे दार त्याच्यासाठी २०४९ साली उघडेल. कारखान्याची शेड मात्र इतकी वर्षे थांबत नाही. उद्योग बंद पडतो, यंत्रे भंगारात जातात, पत्रे उडतात आणि जमिनीचा भाव वाढतो. पंचविशी-तिशीत सगळा निकाल लागतो. ज्या कायद्याची वेळ येईपर्यंत वस्तूच उरणार नाही, त्या कायद्यावर विसंबून राहणे म्हणजे पाऊस संपल्यावर छत्री विकत घेणे होय.

यावर उपाय नाही असे नाही. मुंबईने १९९५ साली विकास नियंत्रण नियमावलीत वारसा नियम आणले, तेव्हा शंभर वर्षांची अट घातली नाही. वास्तूचे ऐतिहासिक, सामाजिक वा वास्तुशास्त्रीय महत्त्व पाहून तिला श्रेणी द्यायची आणि त्या श्रेणीप्रमाणे बदलांना परवानगी द्यायची, असा तो मार्ग आहे. नगरनियोजनाच्या अधिकारातून हे होऊ शकते आणि त्यासाठी पुरातत्त्व खात्याची वाट पाहावी लागत नाही.

गिरणगावाने शिकविलेले

कापडगिरणीचा उद्योग मुंबईत १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांच्या कंपनीने सुरू झाला. पुढे सव्वाशे वर्षे लालबाग, परळ, वरळी, भायखळा या भागाने गिरणीच्या भोंग्यावर आपले दिवस-रात्र बेतले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. प्रश्न उरला तो सुमारे सहाशे एकर जमिनीचा.

१९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्याचे उत्तर दिले होते. ढोबळमानाने सांगायचे तर गिरणी पुनर्विकासास काढली की जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या सार्वजनिक जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने या जमिनींचा तुकड्यातुकड्यांनी नव्हे तर एकत्रित विचार करावा, असा आराखडाही मांडला. परंतु २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. जुनी बांधकामे पाडल्यावर जी जागा मोकळी होणार होती ती हिशेबातून वगळली गेली. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. एका व्याख्येतील काही शब्द बदलले आणि शहराला मिळू शकणारी मैदाने व घरे मोठ्या प्रमाणात कमी झाली. प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा तरी वाचावे. शहराचे भवितव्य कधीकधी परिशिष्टातील एका ओळीत ठरते, हे त्यातून कळते.

दिल्लीनेही याच सुमारास आपला मार्ग शोधला होता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक उद्योगांना शहरातून हलण्याचा आदेश दिला आणि मोकळ्या होणाऱ्या मोठ्या भूखंडांचा बराच हिस्सा हिरवळ व लोकोपयोगी जागांसाठी सोडावा असे सांगितले. तेथेही विचार झाला तो जमिनीचा. इमारतींचा विचार कोणी केला नाही.

हाच माझ्या मते कळीचा मुद्दा आहे. आपली चर्चा नेहमी जमिनीच्या वाटणीवर सुरू होते आणि तेथेच संपते. दादरच्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाचे भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाले. जागेचा तो उपयोग निःसंशय थोर आहे. परंतु गिरणीची म्हणून असलेली वास्तू, जिच्यात हजारो लोकांनी आयुष्य घालविले, ती लोकांच्या कामी येऊ शकते हा विचार मुंबईत अपवादानेच झाला. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचा महानगरपालिकेचा प्रकल्प हा असा एक अपवाद आहे.

ज्या शेड पाडल्या गेल्या नाहीत त्यांचेही सर्वत्र भले झाले असे नाही. काही ओसाड पडल्या. २०१३ साली महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या आवारात झालेल्या अत्याचारांनी बेवारस कारखाना किती धोक्याचा असतो हे दाखविले. काही ठिकाणी घाईने नवा वापर सुरू झाला. कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. जुनी वास्तू वापरणे म्हणजे जुने परवाने वापरणे नव्हे. वापर बदलला की अग्निसुरक्षा, बाहेर पडण्याच्या वाटा, एका वेळी आत असणाऱ्या माणसांची संख्या, या सर्वांचा नव्याने विचार करावाच लागतो.

कोल्हापूरचे उदाहरण थोडे वेगळे आणि अधिक बोलके आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पायाभरणी केलेली शाहू मिल नव्या शतकाच्या आरंभी बंद झाली. तेथे महाराजांचे भव्य स्मारक व्हावे अशी घोषणा झाली, आराखडे झाले, बैठका झाल्या आणि वर्षे गेली. पुढे २०२२ मध्ये महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होत असताना कृतज्ञता पर्व साजरे झाले. ६ मे रोजी सकाळी दहा वाजता सारे कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. त्या पर्वातील प्रदर्शने व कार्यक्रम शाहू मिलच्याच आवारात भरले आणि इतकी वर्षे कुलूपबंद असलेल्या दारांतून लोक आत गेले. मोठ्या स्मारकाचा आराखडा जे करू शकला नाही ते एका साध्या, तात्पुरत्या वापराने करून दाखविले. दार उघडले की लोक येतात आणि लोक आले की वास्तूला वाली मिळतो.

कारखान्याची वास्तू कशासाठी चांगली?

भावनेचा भाग क्षणभर बाजूला ठेवू आणि निव्वळ उपयोग पाहू. कारखान्याची शेड रुंद असते आणि मध्ये खांब कमी असतात. छत उंच असते. जुन्या शेडचे छप्पर पुष्कळदा करवतीच्या दात्यांसारखे असते. त्यातील काचा उत्तरेकडे असतात, त्यामुळे ऊन न येता दिवसभर एकसारखा उजेड येतो. जमीन अवजड यंत्रांचा भार सोसेल अशी मजबूत असते. वाचनालय, व्यायामशाळा, नाट्यगृह, कौशल्य प्रशिक्षण केंद्र, आठवडी बाजार, लग्नकार्याचे सभागृह, पाळणाघर यांपैकी काहीही येथे सामावू शकते. ज्या शहरात कामगार वस्त्यांतील मुलांना अभ्यासाला शांत कोपरा मिळत नाही, तेथे अशी एक शेड म्हणजे मोठीच संपत्ती आहे.

अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. छपराचे पत्रे अनेकदा ॲस्बेस्टॉसचे असतात, ते फोडताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ते काढण्याचे काम कोणत्याही भंगारवाल्यावर सोपवून चालत नाही. जमिनीत वर्षानुवर्षे तेल आणि रसायने मुरलेली असतात. जुन्या रोहित्रांतील तेलही तपासावे लागते. म्हणून मातीची तपासणी आधी आणि मुलांचे उद्यान नंतर, हा क्रम मोडता कामा नये. शिवाय हरियाणात नियंत्रित क्षेत्रांतील जमिनीच्या वापराचा बदल १९६३ च्या कायद्याच्या चौकटीत मंजूर करून घ्यावा लागतो. औद्योगिक भूखंडावर वाचनालय चालविणे हाही कागदोपत्री वापराचा बदलच असतो.

फीत कापल्यानंतर

आता एक स्वानुभव सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात कापूस पिकविणाऱ्या एका तालुक्यात माझी नेमणूक होती. तेथे बंद पडलेल्या एका जुन्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याची इमारत दुरुस्त करून सांस्कृतिक केंद्र करण्यात आले होते. काम खरोखर चांगले झाले होते. दगडी भिंती स्वच्छ केल्या होत्या, सागवानी कैच्या तशाच ठेवल्या होत्या. उद्घाटन थाटात झाले. मी तेथे रुजू झालो तेव्हा त्या गोष्टीला तीन वर्षे झाली होती. इमारतीला कुलूप होते, वीज तोडलेली होती आणि ओसरीत शेळ्या बसल्या होत्या.

मी फाईल मागविली. बांधकामाचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, देयके, सारे काही व्यवस्थित होते. नव्हते ते एवढेच की, काम पूर्ण झाल्यावर इमारत कोणी ताब्यात घ्यायची याचा आदेश नव्हता. बांधणाऱ्या यंत्रणेचे म्हणणे, आमचे काम संपले. स्थानिक संस्थेचे म्हणणे, आम्ही ताबा घेतलाच नाही. चौकीदाराचा पगार आणि विजेचे देयक कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. यात कोणी पैसे खाल्ले नव्हते, कोणी कामचुकारपणा केला नव्हता. तरीही लोकांच्या पैशातून उभे राहिलेले केंद्र लोकांना मिळाले नाही.

भांडवली खर्चाला आपल्याकडे उत्साह असतो, कारण त्याच्या शेवटी कोनशिला असते. महसुली खर्चाला कोनशिला नसते. गळणारे छप्पर, फुटलेली काच, तुंबलेले संडास, झाडूवाल्याचा पगार या गोष्टींवर इमारत जगते वा मरते. म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे की, ऐतिहासिक औद्योगिक वास्तूचा प्रश्न हा आधी नोंदवहीचा व लेखाशीर्षाचा आहे आणि मग वास्तुरचनेचा. वास्तू कोण वापरणार आणि तिचा दरवर्षीचा खर्च कोण देणार, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय पहिली वीट दुरुस्त करू नये.

बाटाच्या गावची गोष्ट

फरीदाबादच्या चौकाला ज्याचे नाव आहे त्या बाटाचे मूळ गाव चेक प्रजासत्ताकातील झ्लीन. तेथेही विसाव्या शतकात कारखान्याभोवती एक आखीव शहर वसले होते. १९३८ मध्ये पूर्ण झालेली बाटा कंपनीची सोळा मजली कचेरी, जिला नुसते 'इमारत क्रमांक २१' म्हणतात, तिच्या मालकाचे दालन चक्क उद्वाहनात होते. मालक खाली-वर गेले की कचेरीही त्यांच्याबरोबर जावी, अशी ती कल्पना होती. कंपनीचे दिवस पालटल्यावर या इमारतीचे काय करायचे हा प्रश्न तेथेही आला. २००४ मध्ये तिचे नूतनीकरण होऊन तेथे प्रादेशिक प्रशासनाचे मुख्यालय गेले. पुढे २०१३ मध्ये कारखान्याच्या १४ आणि १५ क्रमांकाच्या इमारतींत संग्रहालय, कलादालन आणि ग्रंथालय सुरू झाले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सरकारने आपलीच कार्यालये व संस्था तेथे नेल्या. म्हणजे वापरणारा ठरला, भाडे-खर्चाची तरतूद ठरली आणि मग दुरुस्ती झाली.

दुसरे उदाहरण ब्राझीलमधील साओ पाउलोचे. तेथे पिंपे बनविणाऱ्या एका बंद कारखान्याची जागा एका सामाजिक संस्थेने घेतली आणि वास्तुरचनाकार लीना बो बार्दी यांच्याकडे काम सोपविले. त्या जागा पाहायला गेल्या तेव्हा पडक्या शेडमध्ये मुले खेळत होती आणि सुटीच्या दिवशी कुटुंबे शिदोरी घेऊन येऊन बसत होती. त्यांनी ठरविले की लोकांनी आधीच जो उपयोग शोधला आहे तोच पुढे न्यायचा. शेड पाडल्या नाहीत. १९८२ मध्ये तेथे वाचनालय, नाट्यगृह, हस्तकलेच्या कार्यशाळा आणि स्वस्त भोजनालय असलेले केंद्र सुरू झाले आणि पुढे त्याला क्रीडासंकुलाची जोड मिळाली. योजना आखण्याआधी नुसते जाऊन उभे राहावे व लोक काय करतात ते पाहावे, हा धडा कोणत्याही तहसीलदाराला उपयोगी पडेल.

फरीदाबादसाठी काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे यादी. १९४९ ते १९७० या काळातील ज्या शेड, गोदामे, कार्यशाळा, वीजघरे, पाण्याच्या टाक्या आणि कामगार वसाहती आज उभ्या आहेत त्यांची छायाचित्रे, मोजमापे आणि मालकी यांची नोंद करावी. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि निवृत्त कामगार यांच्या जोड्या करून दिल्या तर एका वर्षात हे काम होऊ शकते. यंत्र कोठे होते हे कामगाराला ठाऊक असते आणि ते कागदावर कसे उतरवायचे हे विद्यार्थ्याला.

दुसरी गोष्ट, या यादीला विकास आराखड्यात स्थान द्यावे. खासगी मालकाच्या जागेवर नुसता निर्बंध लादल्यास तो रातोरात पाडकाम करील किंवा न्यायालयात जाईल. मुंबईने वारसा वास्तूंच्या मालकांना हस्तांतरणीय विकास हक्क देऊन यातून वाट काढली. भूखंडावरील एक शेड राखून ती समाजाच्या वापरासाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिल्यास उरलेल्या जागेवर वाढीव चटईक्षेत्र, असा व्यवहार मालकालाही पटू शकतो.

तिसरी गोष्ट, तात्पुरता वापर आधी. मोठ्या आराखड्याची वाट न पाहता सुरक्षिततेची तपासणी करून एखादी शेड आठवड्यातून दोन दिवस उघडावी. कोल्हापूरने हे दाखवून दिले आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चालविणारा कोण हे ठरविणे. याचे उत्तर शोधण्यासाठी झ्लीन किंवा साओ पाउलोला जावे लागत नाही, ते फरीदाबादच्या स्वतःच्या इतिहासात आहे. १९४९ मध्ये निर्वासितांनी सहकारी संस्था करून शहर बांधले आणि चालविलेही. १९५१ मध्ये त्यांच्याच श्रमदानातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाला त्यांनी बादशाह खान यांचे, म्हणजे खान अब्दुल गफारखानांचे, नाव दिले होते. २०२० च्या डिसेंबरात ते नाव बदलण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्या निर्वासितांच्या मुला-नातवंडांनी त्याला विरोध केला. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी येथे शिरत नाही. मला त्यातून दिसते ते असे की, ज्यांच्या वडिलांनी विटा वाहिल्या त्यांना त्या इमारतीविषयी सत्तर वर्षांनीही आपलेपणा वाटतो. असा आपलेपणा कोणत्याही निविदेतून मिळत नाही. एखाद्या जुन्या कार्यशाळेचे केंद्र होणार असेल, तर ते चालविणाऱ्या समितीत बन्नूवाल कुटुंबे हवीत, कारखान्याचे निवृत्त कामगार हवेत, आणि आज तेथे राबणारे बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले कामगारही हवेत. हे शेवटचे लोकही एका अर्थाने विस्थापितच आहेत.

१९५० च्या दशकात सरकारने लोकांच्या हातून शहर काढून घेतले तेव्हा कोणाचाही हेतू वाईट नव्हता. नियम होते, हिशेब होते, लेखापरीक्षण होते. पण बांधणारे हात आणि चालविणारे हात वेगळे झाले आणि बांधणारे पाहत राहिले. आमच्या जिनिंग कारखान्याच्या कुलपाची कहाणी तीच आहे, फक्त लहान प्रमाणातील.

कारखान्याचा भोंगा एके काळी हजारो माणसांना एकाच वेळी एका दारातून आत बोलावीत असे. तो थांबला आणि पुन्हा वाजणार नाही. परंतु ते दार पाडून टाकायचे की दुसऱ्या कामासाठी उघडे ठेवायचे, हे अजून आपल्या हातात आहे. फरीदाबादला हा निर्णय घेण्यासाठी थोडा अवधी शिल्लक आहे. मुंबईला तो २००१ पूर्वी होता.